मारिबच्या मांजरी

सूरह सबामधली फुटलेल्या धरणाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मकतबमध्येच ऐकलेली असते. येमेनमधलं मारिबचं ते मातीचं धरण. सबाच्या लोकांनी नेमतीची नाशुक्री केली, पूर आला, बागा उजाड झाल्या. इब्न कसीर यांच्या तफ्सीरमध्ये आणखी एक तपशील येतो. उंदीर धरण पोखरतील म्हणून लोकांनी तिथे मांजरी ठेवल्या होत्या. पुढे उंदीर मांजरींना भारी पडले आणि धरण तळातून पोकळ झालं.

या धरणाची डागडुजी शतकानुशतकं चालली होती. ५४८च्या सुमारास अबरहाने, हत्ती घेऊन मक्केवर चालून गेलेल्या त्याच अबरहाने, दुरुस्तीचा शिलालेख कोरवला. नंतर काही दशकांत धरण कायमचं गेलं.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते स्वच्छ असेल तर फारशी चिंता नसते. गढूळ झालं, तर आतली माती वाहून जात असते. भिजलेल्या मातीत पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. हा दाब मोजायला धरणात पिझोमीटर नावाच्या नळ्या बसवतात. जलाशयाची पातळी तेवढीच असताना नळीतलं पाणी चढू लागलं, तर तो इशारा समजायचा.

पानशेतला इशारा दिसला, पण फार उशिरा. अर्धवट कामावर पाणी साठलं, पाणी सोडायच्या मार्गावरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१च्या सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुणे बुडालं.

चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्यात गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. २ जुलै २०१९च्या रात्री धरण फुटलं, वीसहून अधिक जीव गेले. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांना दिला.

उंदीर काय, खेकडे काय, बिळं करणारच. सवाल मांजरींचा आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली आहे. आपल्या अक्कलकोटचं बोरी नदीवरचं कुरनूर धरणही मातीचंच. ते भरलं की आपण आनंदाने बघायला जातो. तिथे कुठे गढूळ पाणी पाझरताना दिसलं, तर त्याच दिवशी कळवावं, आणि कळवणाऱ्याचं ऐकलं जावं. नेमतीचा शुक्र म्हणजे तिची राखणही.