वनस्पती तुपाने घेतली कराराची परीक्षा

भारत आणि श्रीलंका यांच्यातील मुक्त व्यापार करारावर २८ डिसेंबर १९९८ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. १ मार्च २००० पासून तो अमलात आला. स्थानिक उद्योगांच्या रक्षणासाठी उभय देशांनी काही वस्तू सवलतीतून वगळल्या. भारताच्या यादीत ४२९, तर श्रीलंकेच्या यादीत ११८० वस्तू होत्या. श्रीलंकेच्या चहाला वर्षाकाठी दीड कोटी किलोची मर्यादा होती. सवलतीसाठी निर्यातदार देशात साधारणतः ३५ टक्के मूल्यवर्धन आवश्यक ठरले.

कराराची खरी परीक्षा वनस्पती तुपाने घेतली. पामतेलावरील आयातशुल्क भारतात जास्त, तर श्रीलंकेत कमी होते. साहजिकच, बाहेरून आणलेल्या पामतेलाचे श्रीलंकेत वनस्पती तूप बनवून ते शुल्काविना भारतात पाठविणारे कारखाने तेथे उभे राहिले. भारतीय उत्पादकांच्या तक्रारींनंतर २००६ मध्ये या आयातीवर मर्यादा आली आणि या कारखान्यांचा आधारच गेला.

शेजाऱ्यांनी परस्परांतील शुल्क हटविले, तरी तिसऱ्या देशांच्या मालावरील त्यांचे दर वेगळेच राहतात. केवळ या तफावतीवर उभा राहिलेला व्यापार नियम बदलताच कोसळतो, हाच या प्रकरणाचा धडा.