वारसा-प्रतिचित्रण : क्लासपासून टेबलापर्यंत

ऑब्जेक्ट-आधारित आज्ञावलीतील क्लास, त्यांचा वारसा व परस्परसंबंध हे रिलेशनल डेटाबेसच्या टेबलांत बसवण्याची रीत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात ओळी, स्तंभ व किल्ल्या आहेत, वारसा नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

चंद्रपूर-गडचिरोलीतील वनहक्क दाव्यांवरून हे चटकन उमजते. वनहक्क कायदा, २००६ मधील ‘दावा’ हा मूळ क्लास मानला, तर वैयक्तिक व सामूहिक दावे हे त्याचे उपक्लास. कसण्याच्या वैयक्तिक हक्काला ४ हेक्टरांची कमाल मर्यादा. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक हक्क मात्र सुमारे १,८०० हेक्टरांचा.

सगळे एकाच टेबलात ठेवून ‘प्रकार’ हा स्तंभ जोडला, तर शोध वेगवान होतो. पण रिकाम्या रकान्यांची रांग लागते आणि ४ हेक्टरांची अट प्रकार पाहूनच घालावी लागते. मूळ क्लास व उपक्लास यांना वेगवेगळी टेबले दिली की रचना नेटकी, पण पूर्ण दावा वाचायला दरवेळी जॉइन. प्रत्येक उपक्लासाला स्वयंपूर्ण टेबल दिले, तर गावातले सर्व दावे एकत्र काढताना दमछाक. मार्टिन फाउलर यांच्या २००२ मधील ग्रंथात या तिन्ही रीतींचे विवेचन आहे. प्रकार दोन-तीनच असतील, तर पहिली रीत बहुधा पुरते.

ग्रामसभा व दावे या एकास-अनेक संबंधाचे काम परकीय किल्लीने भागते. विवाहितांचा हक्क मात्र कायद्याने पती-पत्नींच्या संयुक्त नावे नोंदला जातो. ‘दावेदाराचे नाव’ असा एकच रकाना ठेवणारा आराखडा इथे फसतो. त्यासाठी दावा व व्यक्ती यांना जोडणारे तिसरे टेबल लागते.