आजीची करवत काठी साडी मोडीत देण्याआधी हे वाचा

जपानमध्ये किमोनो जुना झाला की तो फेकत नाहीत. किमोनोचं कापड साधारण 36 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटर लांब असतं, आणि ते सरळ पट्ट्यांतच कापून शिवलेलं असतं. शिवण उसवली की पुन्हा सपाट कापड हातात येतं. मग त्याच्या पिशव्या होतात, उशा होतात, चांगला तुकडा असेल तर काचेची फ्रेम करून भिंतीवर लागतो. सोशल मीडियावर अशा फ्रेमचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

आपल्याकडे तर उसवायचीही गरज नाही. साडी मुळातच न शिवलेलं कापड. आणि विदर्भातल्या जुन्या कपाटात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे करवत काठी.

नाव आलंय काठावरच्या दातेरी नक्षीवरून, लाकूड कापायच्या करवतीसारखी ती दिसते. अंग टसरचं आणि काठ बहुतेक वेळा गडद, उठून दिसणाऱ्या रंगाचा. टसर म्हणजे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं रेशीम. त्याचा मधासारखा रंग नैसर्गिकच. ही साडी विणायला तीन धोटे लागतात: एक अंगाचा, दोन दोन्हीकडच्या काठांचे. काठाचा आणि अंगाचा धागा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवले जातात, आणि त्या जोडावरच करवतीचे दाते उमटतात. हे काम हातमागावरच जमतं. नागपूर आणि भंडाऱ्यातल्या कोष्टी विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या ते केलं. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

मग अशा साड्या जातात कुठे? साधी असेल तर भांडेवालीकडे, स्टीलच्या डब्याच्या बदल्यात. खरी जर असेल तर सराफाकडे. जुनी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. कापड जाळतात, राख गाळतात, चांदी वेगळी काढतात. पैसे चांदीच्या वजनाचे मिळतात, विणकामाचे शून्य.

फ्रेम हा त्यातला एक मार्ग आहे, पण घाईने कात्री लावू नका. साडी धडधाकट असेल तर कापणं चूकच. ती मलमलमध्ये गुंडाळून ठेवावी, अधूनमधून घडी बदलावी आणि नेसावी. फ्रेमला घ्यायची ती आधीच विरलेली साडी. नऊवारी बसायच्या जागी आणि कासोट्याला विरते, घड्यांवर चिरते. पदर आणि वरचा काठ मात्र बऱ्याचदा शाबूत असतो.

कापताना एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नुसता काठ कापून घेतला तर करवतीचे दातेच उसवतात, कारण ते काठ आणि अंगाच्या जोडावर असतात. म्हणून काठासोबत अंगाचं किमान तीन-चार इंच कापड ठेवायचं.

धुऊ नका. जर काळी पडलीय म्हणून चिंच किंवा पितांबरी तर अजिबात लावू नका, चांदीवरचा सोन्याचा मुलामा निघून जातो. धूळ मऊ ब्रशने अलगद झटकली की पुरे.

फ्रेमवाले सहसा कापड थेट प्लायवर फेविकॉलने चिकटवतात. तेच टाळायचं. गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, रेशीम कडक होतं आणि तुकडा पुन्हा कधी सुटत नाही. त्याऐवजी धुतलेलं मांजरपाट पुठ्ठ्यावर ताणून घ्या आणि त्यावर तुकडा बारीक सुईने, सैल टाक्यांनी टाचा. दुकानदाराला स्पष्ट सांगा की काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. टेकलेल्या काचेवर दमट हवेचं पाणी धरतं आणि बुरशी येते. काचेऐवजी अॅक्रिलिक टाळलेलं बरं, ते सुटे धागे स्वतःकडे ओढतं.

आता जागा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हे सांगायला नको. पण कापडाचा खरा शत्रू आहे ऊन आणि कूलर. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेल्या रेशमाचा रंग काही उन्हाळ्यांत उडतो. कूलरसमोरची भिंत तर त्याहून वाईट, कारण चार महिने ओलसर हवा थेट फ्रेमवर येते आणि जर काळवंडते. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको. घराच्या मधली, सावलीतली भिंत निवडा. वर्षातून एकदा फ्रेम खाली घेऊन मागून पाहा, कसर लागली असेल तर तिथेच आधी दिसते.

मागच्या बाजूला एक चिठ्ठी लावा: साडी कुणाची, कुठल्या गावची, कोणत्या लग्नातली. आणि उरलेलं विरलेलं कापड? त्याची गोधडी होते. टसर अस्तराला घेतलं तर उत्तमच.