श्रोत्यांच्या आश्रयावरील नभोवाणी

संगीत कोणाच्या तरी आश्रयानें जगतें. पूर्वीं तो आश्रय दरबाराचा असे. पुढें तिकीट काढून येणाऱ्या रसिकांचा झाला. परंतु नभोवाणीच्या दाराशीं तिकीट विकतां येत नाहीं. मग तिनें कोणाच्या बळावर गावें? अमेरिकेंतील सिॲटल शहरानें या प्रश्नाला दिलेलें उत्तर मननीय आहे.

डोरोथी बुलिट या कर्तबगार बाईंनीं १९४७ सालीं तेथील एक लहानसें नभोवाणी-केंद्र विकत घेतलें आणि त्यांतून ‘किंग’ ही संस्था उभारली. तिच्या ‘किंग एफएम’ केंद्रावरून पाश्चात्य अभिजात संगीत घरोघर पोहोंचलें. १९८९ सालीं बाई निवर्तल्या. त्यांच्या कन्यांनीं पुढें दूरचित्रवाणीचा व्यवसाय विकला. हें केंद्र मात्र त्यांनीं दान केलें. शहरांतील सिंफनी वाद्यवृंद, ऑपेरा-संस्था व कलांसाठीं निधि जमविणारी एक मंडळी, अशा तिघांनीं मिळून स्थापिलेल्या ‘बेथोवेन’ नांवाच्या संस्थेकडे तें आलें. जाहिरातींतून उरलेला पैसा कलांना मिळावा, हा त्यामागील हेतु होता.

परंतु जाहिरातदाराला श्रोत्यांची संख्या हवी असते. संगीत हें त्याचें केवळ निमित्त. २०११ च्या मे महिन्यांत केंद्रानें जाहिरातींचा आधार सोडला आणि श्रोत्यांपुढें झोळी पसरली. वर्गणी न देणाऱ्यासहि तेंच संगीत तितकेंच ऐकूं येतें, हें ठाऊक असूनहि देणारे पुढें आले. दरबारांत आश्रयदाता स्वतःसाठीं गाणें करवी. येथें एकाच्या वर्गणींत अनोळखी शेजाऱ्याचेंहि ऐकणें सामावलेलें असतें. लोकाश्रयाचें मोल तें हेंच.