पांढऱ्या पायाची

नव्वदच्या दशकात नवरा एड्सनं खंगून गेला आणि मागोमाग बायकोचं अंग उतरलं, की आमच्या वालूर गावात तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे. नवरा ट्रकवर होता की पुण्या-मुंबईला कामाला, हे कुणी विचारत नसे. आरोग्य खात्यात नर्स होते, म्हणून हे बोलणं मी त्या बायकांच्या उशाशी बसून ऐकलंय.

त्याच काळात पुण्यात या बायकांच्या बाजूचा पुरावा गोळा होत होता. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ची. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची तिथल्या डॉक्टरांनी तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या बायकांतही १३.६ टक्के जणींना एचआयव्ही निघाला. त्यातल्या बहुतेक लग्नाच्या, जन्मात एकच पुरुष ठाऊक असलेल्या. धोका घरातूनच आला होता. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलं. पण वालूरच्या सासूपर्यंत तो आकडा पोचवणार कोण? ते काम आम्हा नर्सांचं होतं, आणि मला ते फार मोलाचं वाटायचं.

अमेरिकेतही बाई उशिराच मोजली गेली. गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग एड्सच्या व्याख्येत आला तो १९९३मध्ये. त्याच वर्षी तिथं बायकांचा दीर्घ अभ्यास उभा राहिला. दर सहा महिन्यांनी त्याच बायका, त्याच तपासण्या, वर्षानुवर्षं. कुणाला काय होतं, ते असं मागं लागल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडं सरकारनं १ एप्रिल २००४पासून एचआयव्हीला आवर घालणाऱ्या एआरटीच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. पुढं परभणीला केंद्र झालं. एक बाई माहेरी जाते सांगून सेलूहून रेल्वेनं परभणी गाठायची. बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढायची आणि गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवायची. गोळी मात्र एकही चुकवली नाही. नातू झालाय तिला.

तिच्यासारख्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासूनच करा म्हणते. आमच्या बायका लाजतात, पुढच्या खेपेला बघू म्हणतात. मी पिच्छा सोडत नाही. गोळ्या आणायला जाल, त्याच दिवशी ही तपासणीही मागून घ्या, बायांनो.