संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोची जागा का बदलते?

पेडणे तालुक्यातील इब्रामपूरसारख्या सीमेलगतच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की संगणक अचानक बंद पडतो. वीज आल्यावर तो पुन्हा सुरू केला, की हिशेबाची वही उजवीकडे आणि ब्राउझर डावीकडे ही नेहमीची मांडणी विस्कटलेली असते. काही वेळा एखादी विंडो दिसतच नाही. माहिती नष्ट झाली असा समज करून घेऊन सॉफ्टवेअर काढून टाकण्याची घाई अशा वेळी केली जाते आणि खरे नुकसान त्यातूनच होते.

विंडोजवर चालणारी बहुतेक ॲप्स आपल्या विंडोची जागा स्वतःच लक्षात ठेवतात. ॲप रीतसर बंद करताना विंडोच्या कोपऱ्याचे स्थान, तिची रुंदी आणि उंची यांची नोंद होते व पुढच्या वेळी ती वाचली जाते. वीज गेल्यास ही नोंद करण्याची संधीच मिळत नाही; त्यामुळे ॲप जुन्या किंवा मूळ जागी उघडते. काही ॲप्समध्ये अशी नोंद ठेवण्याची सोयच नसते. एकाच ॲपच्या दोन विंडो उघड्या असतील, तर बहुधा शेवटी बंद केलेलीची जागा टिकते.

दुसरे कारण मॉनिटरचे. लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर झोपेच्या अवस्थेत गेला किंवा त्याची केबल निघाली, तर तो काढून टाकला असे विंडोज समजते आणि त्यावरील विंडो मुख्य पडद्यावर आणून ठेवते. रिझोल्यूशन किंवा स्केल बदलल्यानेही जुने स्थान पडद्याच्या बाहेर जाऊ शकते.

हरवलेली विंडो परत आणण्यासाठी टास्कबारवरील तिच्या चिन्हावर क्लिक करून ती निवडावी. त्यानंतर ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि बाणाची कळ एकत्र दाबल्यास ती दुसऱ्या मॉनिटरवर सरकते. एकच मॉनिटर असल्यास ‘ऑल्ट’ व ‘स्पेस’ एकत्र दाबून नंतर ‘एम’ दाबावे, बाणाची कोणतीही कळ एकदा दाबावी आणि माउस हलवावा. विंडो माउसच्या टोकाशी येते. त्यानंतर क्लिक करून ती हव्या जागी सोडावी.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ आणि ‘मल्टिपल डिस्प्लेज’ या क्रमाने गेल्यास मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय सापडतो. तो सुरू ठेवावा. रोज तीच मांडणी लागत असल्यास मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पॉवरटॉइज’ उपयोगी पडते. त्यातील ‘वर्कस्पेसेस’ ही सोय ठरावीक ॲप्स ठरावीक जागी एका क्लिकवर उघडून देते.

मॅकवर ‘डेस्कटॉप अँड डॉक’ या विभागात ॲप बंद करताना विंडोही बंद करण्याचा पर्याय असतो. तो बंद ठेवल्यास विंडो पूर्ववत उघडतात. लिनक्समधील वेलँड पद्धतीत मात्र सामान्य ॲपला पडद्यावरील आपली जागा स्वतः ठरवता येत नाही. तेथे दोष ॲपचा नसून रचनेचा असतो. केडीई वापरणाऱ्यांना ‘विंडो रूल्स’मधून जागा निश्चित करता येते.

तपासणीचा क्रम सोपा आहे. ॲप हव्या जागी ठेवून रीतसर बंद करावे आणि लगेच उघडावे. जागा टिकली, तर ॲप ठीक आहे. दोष अचानक बंद पडण्याचा किंवा मॉनिटरचा. टिकली नाही, तर त्या ॲपची सेटिंग्ज पाहावीत.

डेस्कटॉपला यूपीएस जोडल्यास वीज गेल्यावर काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळतो. विंडोची जागा पुन्हा लावता येते. जतन न केलेली नोंद मात्र परत मिळेलच असे नाही. म्हणून ‘ऑटोसेव्ह’ सुरू आहे ना, हे आधी पाहावे.