काळं आकाश, पांढरा अंधार

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना गावच्या वाड्याची एक निगेटिव्ह सापडली. तिच्यावरून काढलेला फोटो वाळवीने केव्हाच खाल्ला, वाडाही पडला. ट्यूबलाइटसमोर धरली, तर आकाश काळंकुट्ट, दिंडीतला अंधार पांढराशुभ्र, आणि ओसरीवर उभ्या आईचे केस पिकलेले! आई चाळिशीतच गेली. तिचे पिकलेले केस मी कधी पाहिलेच नव्हते. अंगावर काटा आला.

जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह, जी आज शिल्लक आहे, तीही एका जुन्या घराचीच आहे. इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये लॅकॉक ॲबी नावाची हवेली आहे. मूळचा हा तेराव्या शतकातला ख्रिस्ती जोगिणींचा मठ. १८३३ साली तिचे मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट इटलीत कोमो सरोवराकाठी चित्र काढायला बसले. हाताला काही साधेना. मनात आलं, प्रकाशानेच आपलं चित्र कागदावर उमटवलं तर?

घरी येऊन त्यांनी कागदाला मिठाचं पाणी लावलं, वर सिल्व्हर नायट्रेट. असे कागद छोट्या लाकडी पेट्यांत घालून पेट्या हवेलीभोवती ठेवल्या. पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे! ऑगस्ट १८३५ मध्ये एका पेटीत हवेलीची जाळीदार खिडकी सापडली. कागद जेमतेम टपाल तिकिटाएवढा, पण भिंगातून सुमारे २०० तावदानं मोजता येत, असं त्यांनी लिहून ठेवलंय. उजेड काळा, चौकटी फिकट. त्या काळी कागदावर चित्र उमटायला इतका वेळ लागे, की चालती माणसं उमटतच नसत. म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतलं घर ओस वाटतं. भयाण, तरी नजर हटत नाही.

१८३९ मध्ये फ्रान्सच्या डागेरचं तंत्र जाहीर झालं. त्याचं चित्र जास्त रेखीव, पण धातूच्या पत्र्यावर एकच. टॅल्बट यांच्या उलट्या चित्रावरून मात्र हव्या तेवढ्या सुलट प्रती निघत. ‘निगेटिव्ह’ हे नाव दिलं जॉन हर्शेल यांनी, १८४० मध्ये.

नातू म्हणतो, “आजोबा, स्कॅन करून मिनिटात सरळ करून देतो.” करू दे. भावंडांनो, प्रत्येकाला एकेक प्रत पाठवतो. तीत आई पुन्हा तरुण असेल, माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी लहान.

निगेटिव्ह मात्र माझ्याकडे राहू दे. आई म्हातारी झालेली मला तेवढ्यातच दिसते.